हलक्या हाताने मोकळी केलेली घोड्याची पाठ पुन्हा पुन्हा का धरते?

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. घोड्याची पाठ खोगिराखाली आणि त्याच्या मागे ताठ झालेली, खरारा फिरवला की कातडी थरथरते, तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळताना मान वळवून चावायला येतो, उतारावर मागचे पाय आखडून टाकतो. बॉडीवर्क, म्हणजे हाताने स्नायू मोकळे करण्याचं काम, जाणणारं कुणी येतं, पाऊण तास हलक्या हाताने काम करतं. घोडा जांभया देतो, मान खाली सोडतो, पाठ हाताला मऊ लागते. मालक खूश. आणि चार-आठ दिवसांत सगळं होतं तसं. पुन्हा बोलावणं, पुन्हा पैसे, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला "या हलक्या हातात काही दम नाही, जरा जोर लावा" अशी फर्माईश.

जोर लावून हे सुटत नाही. हलक्या हाताच्या कामाने स्नायू सैल होतो हे खरं, पण तो आवळला कशामुळे ते कारण जागेवरच राहतं. ते कारण शोधायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे घड्याळ: पाठ मोकळी झाल्यापासून परत धरेपर्यंत किती वेळ गेला आणि त्या वेळात घोड्याने काय केलं, एवढं लिहून ठेवलं की निम्मा तपास होतो.

इथले आकडे माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीला पर्यटकांना फिरवणाऱ्या २५० ते ३०० किलोच्या देशी घोड्यांना धरून दिले आहेत. रायडिंग क्लबातल्या उंच थरोब्रेड जातीच्या घोड्याला अंतरं आणि वजनं बदलतील, पद्धत तीच.

हात लावण्याआधी

काही घोड्यांना त्या दिवशी हात लावायचाच नसतो. विश्रांतीत घोड्याचं तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात. लहान चणीच्या घोड्याची नाडी किंचित जास्त भरते. तापमान ३८.५ च्या वर असेल तर पाठ बाजूला ठेवा, डॉक्टर बोलवा.

एक-दोन दिवस सुट्टी देऊन, चंदी (दाणा) मात्र नेहमीएवढीच घालून, मग कामाला काढलेला घोडा थोड्याच वेळात घामाघूम झाला, पुठ्ठे दगडासारखे कडक झाले, पाऊल उचलेना, लघवी कोऱ्या चहासारखी आली, तर ती "पाठ धरलेली" नसते. स्नायूंच्या पेशी फुटत असतात. अशा वेळी चोळायचं नाही, चालवायचंही नाही. घोडा आहे तिथे उभा ठेवून पाणी द्यायचं आणि पशुवैद्यकाला फोन करायचा. इथे चोळल्याने नुकसान होतं, आणि नेमकं इथेच सगळ्यांचे हात शिवशिवतात.

खूर गरम, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी ठणठणीत लागतेय, घोडा पुढचे पाय लांब टाकून भार मागे घेऊन उभा आहे: हा खुराचा दाह. पोटाकडे वळून पाहणं, लोळणं, लीद बंद: पोटशूळ. नाकातून चिकट स्राव आणि अंगावर गाठी-फोड दिसले तर ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची शंका घ्यायची. तो माणसालाही होतो आणि सरकारी यंत्रणेला कळवावाच लागतो. एका दिवशी दोन-तीन पागा फिरणाऱ्यांनी घोड्यागणिक हात साबणाने धुवायचे आणि खरारा ज्याचा त्यालाच वापरायचा. नायटा या हातांवरूनच पसरतो.

वेदनाशामक इंजेक्शन दोन दिवसांत झालं असेल, तर त्या दिवशी पाठ तपासून काही निष्कर्ष काढू नका.

आधी नोंद, मग उपचार

"आधी बरं होतं, आता परत धरली" हे म्हणायला आधी काय होतं ते लिहिलेलं हवं. कडक, सपाट जमिनीवर घोडा सरळ वीस पावलं चालवा आणि परत आणा. मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या ठशापर्यंत पोचतं का, डावं-उजवं सारखं पडतं का, शेपूट एका बाजूला धरलंय का ते पाहा. मग दोन्ही दिशांनी लहान वर्तुळात एकेक फेरी. पोट आणि पाठ वळणाबरोबर वाकते की ओंडक्यासारखी एका तुकड्यात वळते? मोबाइलवर मागून आणि बाजूने प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, दर वेळी त्याच जागी आणि उन्हाच्या त्याच बाजूने.

मग हात. तीन बोटांच्या पेरांचा सपाट भाग मणक्यापासून चार बोटं अंतरावर ठेवून खांद्यांवरच्या उंचवट्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सावकाश न्यायचा. घोड्याच्या छातीच्या भागात १८ मणके आणि बरगड्यांच्या १८ जोड्या, कमरेत साधारण ६ मणके. या सगळ्यांच्या दोन्ही बाजूंनी पाठीचा सर्वांत लांब स्नायू धावतो आणि खोगीर त्याच्यावरच बसतं. गरम, फुगलेली, बसकी किंवा ताठ जागा लागली की थांबा आणि चित्रावर खूण करा. घोड्याची साधी बाह्यरेषा काढून तिच्या झेरॉक्स ठेवल्या की काम सोपं होतं.

इथे एक सापळा आहे. अंगठ्याचं नख किंवा पेनाचं टोक पाठीवरून ओढलं की कुठलाही निरोगी घोडा पाठ खाली सोडतो. ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिच्यावरून "बघा, किती दुखतंय" म्हणणारे बरेच भेटतात. दुखणारी जागा वेगळी ओळखू येते. सपाट बोटांच्या हलक्या दाबालाही स्नायू टणक होतो, तिसऱ्या-चौथ्यांदा हात फिरवला तरी प्रतिक्रिया कमी होत नाही, कान मागे जातात, डोळ्याच्या वरचा भाग ताणतो, नाकपुडी आणि जबडा आवळतो. कधी उलट होतं: सतत दुखणारा घोडा पाठ मुळीच हलवत नाही, श्वास धरून उभा राहतो. अशा घोड्याला "फार शांत आहे" म्हणून सोडून देतात.

स्वार बसलेला असताना बघायचं तर ब्रिटनच्या पशुवैद्यक स्यू डायसन यांनी २०१८ साली मांडलेली २४ वर्तनांची यादी उपयोगी पडते. कान बराच वेळ मागे ठेवणं, वारंवार तोंड उघडणं, शेपूट झटकत राहणं, मान सतत वरखाली करणं, चाल आपोआप बदलणं अशी ती वर्तनं आहेत. २४ पैकी ८ किंवा जास्त दिसली तर हाडा-स्नायूचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. यादी शिकलेल्या घोड्यांच्या स्वारीवरून बनलेली आहे, फेरीच्या घोड्याला तंतोतंत लावू नका. पण "खोडी काढतोय" म्हणून हाणण्याआधी नजर तयार करायला ती चांगली आहे.

घड्याळ काय सांगतं

काम संपलं, घोडा कडक जमिनीवर वीस पावलं चालला आणि पाठ लगेच पुन्हा ताठ झाली, तर कारण बहुधा पाठीत नाही, पायात आहे. दुखऱ्या खुरावरचा भार चुकवण्यासाठी घोडा पाठ आवळून धरतो. तुम्ही ती सैल केलीत तर पुढच्या पावलाला त्याला ती परत आवळावीच लागते.

खोगीर टाकल्याबरोबर किंवा तंग ओढताना, माणूस बसायच्या आधीच धरली, तर खोगीर, तंग किंवा जठर. माणूस बसल्यावरच धरली तर खोगिराचा सांगाडा आणि वजन. रात्रभर उभा राहून सकाळी ताठ आणि दहा मिनिटं चालवल्यावर सुटतो, तर वय, सांधे, बांधायची जागा, खालची जमीन. शनिवार-रविवारनंतर सोमवारी, तर फेऱ्यांची संख्या. दर पाच-सहा आठवड्यांनी येऊन नालबंदीनंतर जाते, तर उत्तर समोरच आहे. घोडीची पाठ उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण २१ दिवसांनी हळवी होत असेल तर तिचा माज आणि पाठ यांच्या तारखा शेजारी शेजारी लिहून पाहा.

फक्त डावीच बाजू धरते का? मग डावीकडून चढणारे पर्यटक आणि रिकिबी यांच्याकडे वळा, खाली सविस्तर आहे.

या वेळा अंदाजाला दिशा देतात, निदान करत नाहीत. दोन कारणं एकत्र असली की घड्याळ गोंधळतं, आणि पर्यटनस्थळावरच्या घोड्याला दोन कारणं असणं मुळीच दुर्मीळ नाही.

हाताच्या चुका

खोगीर-नाल तपासण्याआधी स्वतःचा हात तपासून घ्यावा, कारण काही वेळा पाठ खरं तर मोकळी झालेलीच नसते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दाब. घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी त्याला कळते. जोराने दाबलं की स्नायू विरोध करतो, मग आपण आणखी दाबतो, शेवटी घोडा दमून सोडून देतो आणि आपण त्याला "सुटला" म्हणतो. दोन तासांत परत धरणारी पाठ बहुधा अशीच सोडवलेली असते. दाबाची सवय करायला स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. डोळे मिटून बोटं टेकवा आणि काटा ५० ग्रॅमच्या आत ठेवून अर्धा मिनिट थांबा. पहिल्या दिवशी बहुतेकांचा काटा ३०० च्या पुढे जातो.

मग क्रम. घोडा ओळखीच्या जागी, सोबतचा घोडा नजरेसमोर, दोर आखूड बांधलेला नाही तर कुणाच्या तरी हातात सैल. कामावरून आल्यावर किमान एक तास जाऊ द्या, अंग वाळू द्या. तेल लावू नका. तेलाने हात कातडीवरून घसरतो, आणि आपल्याला कातडी स्नायूवरून सरकवायची असते. शिवाय तेलावर धूळ बसते आणि दुसऱ्या दिवशी खोगिराखाली तीच घासते.

डाव्या कानाच्या मागून सुरुवात. तीन बोटांची टोकं केसांना जेमतेम लागतील एवढीच ठेवून आयाळीच्या खालून मानेवरून, उंचवट्याच्या बाजूने, पाठीवर मणक्यापासून चार बोटं दूर, पुठ्ठ्यावरून, मांडीच्या मागच्या खाचेतून हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या) बाहेरच्या अंगाने थेट खुराच्या कडेपर्यंत. एका बाजूला पाच ते आठ मिनिटं लागली पाहिजेत. अमेरिकेत जिम मास्टरसन यांची पद्धत शिकलेले लोक याच रेषेवर काम करतात, आणि त्या पद्धतीतली खरी कला हात फिरवण्यात नसून डोळ्याकडे पाहण्यात आहे. बोट एखाद्या जागेवरून जाताना घोड्याने पापणी मिटली, ओठ हलवला, श्वास रोखला की हात तिथेच थांबवायचा. हलवायचा नाही, दाबायचा नाही. अर्धं मिनिट, कधी दीड मिनिट. मग सुस्कारा, चघळणं, जांभई, मान झटकणं यांपैकी काही येतं. दीड मिनिटात काहीच आलं नाही तर पुढे जा, परतताना पुन्हा पाहा.

ताठ लागलेल्या जागेवर त्यानंतर लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांच्या टी-टच या स्पर्शाच्या पद्धतीतलं वर्तुळ चालतं. घड्याळाची तबकडी कल्पून सहाच्या जागेपासून काट्याच्या दिशेने पूर्ण फेरी आणि पुढे नऊपर्यंत, म्हणजे सव्वा वर्तुळ. बोट कातडीवर फिरत नाही, कातडी बोटाबरोबर फिरते. एका वर्तुळाला दोन-तीन सेकंद, एका जागी एकच, मग दोन बोटं पुढे. दाब या पद्धतीत पायऱ्यांनी मोजतात: मिटलेल्या पापणीवरून बोट सुखाने फिरेल एवढा तो पहिल्या पायरीचा, आणि तिसऱ्या पायरीच्या पुढे जायची सहसा गरज नाही.

शेवटी हालचाल. पुढचा पाय उचलून एक हात गुडघ्याखाली, दुसरा खुरापाशी, आणि पायाचं वजन तोलून धरायचं. ओढायचं नाही. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात. म्हणून पाय आधाराने सैल झाला की खांदा स्वतःहून खाली येतो. तो आला की पाय हळू थोडा मागे नेऊन जमिनीवर टेकवा आणि घोड्याला तसाच उभा राहू द्या. मानेला नाकाड्यावर हात ठेवून फक्त दोन इंच आपल्याकडे बोलवा. विरोध जाणवला की हात सैल करा, विरोध संपल्यावर पुन्हा बोलवा. शेपूट ओढायचे प्रकार शिकवणारा शेजारी उभा असल्याशिवाय करू नका. लाथ तिकडूनच बसते.

पहिल्या खेपेला २० मिनिटं पुरे, नंतरही ४० च्या वर नको. काम संपल्यावर पाठ थोपटायची सवय मोडा. मोकळ्या झालेल्या स्नायूवर पंजा आपटला की तो पुन्हा आवळतो.

चघळण्या-जांभयांबद्दल एक गोष्ट. घोडा भीतीचा प्रसंग टळल्यावरही चघळतो, आणि काम नसतानाही एकामागून एक जांभया देणारा घोडा पोटाच्या दुखण्याने तसं करत असू शकतो. खूण खरी मानायची ती तिच्यामागून मान खाली आली, डोळा मऊ झाला आणि हाताखालची जागा बदलली तरच. जांभया मोजून पैसे घेणाऱ्यांपासून जपून राहिलेलं बरं.

खोगीर: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

खोगीर नमद्याशिवाय, म्हणजे खाली घालायच्या जाड थराशिवाय, उघड्या पाठीवर ठेवा. थोडं पुढे टेकवून मागे सरकवत न्या म्हणजे केस सरळ बसतात. आतला सांगाडा खांद्याच्या पाख्याच्या मागे दोन-तीन बोटांवर सुरू झाला पाहिजे. मागची हद्द शोधायला शेवटची बरगडी चाचपून तिच्या रेषेने वर मणक्याकडे जा. खोगिराचा भार त्या जागेच्या मागे, कमरेवर, जाता कामा नये. आखूड पाठीच्या देशी घोड्यावर मोठ्या चणीच्या घोड्याचं जुनं खोगीर टाकलेलं असेल तर ही चाचणी पहिल्याच मिनिटात नापास होते, आणि मग बाकी काही तपासायची गरज उरत नाही.

मधली खाच, जिच्यातून मणका मोकळा राहायचा, ती पुढपासून मागपर्यंत चार बोटं रुंद हवी. माणूस बसल्यावर उंचवट्यावर उभी दोन बोटं जायला हवीत. माणूस नसताना जातात ती धरायची नाहीत. मग हात खोगिराखाली पुढून मागे सरकवा. पुढे दाब, मागे दाब आणि मध्ये पोकळी लागली तर सारा भार चार ठिकाणी पडतोय.

घामाचे ठसे कामावरून आल्या आल्या पाहा आणि फोटो काढा. चारी बाजूंनी घाम आणि मध्ये कोरडा ठिपका, तर त्या जागी एक तर स्पर्शच नाही, नाहीतर इतका दाब आहे की घामच आला नाही. फरक कळायला वीस मिनिटं थांबा. दाबलेल्या जागी सूज वर येते, केस उलटेसुलटे दिसतात. जुन्या दाबाच्या जागी पुढे पांढरे केस उगवतात. घोडा विकत घेताना पाठीवरचे पांढरे ठिपके मोजून घ्यावेत ते यासाठीच.

घरगुती उपाय सगळीकडे एकच: खाली आणखी एक घोंगडी, नाहीतर दुमडलेलं गोणपाट. खोगीर रुंद असेल तर थोडा काळ भागतं. ते अरुंद असेल तर प्रत्येक थराने ते आणखी आवळतं, आणि चार दिवसांत पाठ आधीपेक्षा वाईट होते. थर एकच ठेवा, लोकरीचा नमदा उत्तम. घडी किंवा शिवण खोगिराखाली येऊ देऊ नका आणि पुढच्या बाजूने नमदा बोटाने खाचेत वर ओढून घ्या, म्हणजे तो उंचवट्यावर ताणून बसणार नाही. माथेरानची तांबडी माती घामाबरोबर नमद्यात बसली की वाळल्यावर तो खरखरीत होतो. रोज झटका, आठवड्याला धुवा, आणि पूर्ण वाळलेला दुसरा हाताशी ठेवा.

तंग तीन टप्प्यांत ओढायचा: टाकल्यावर सैल, दहा पावलं चालवून मध्यम, माणूस बसण्याआधी पक्का. बरगडीच्या बाजूला दोन बोटं सपाट गेली पाहिजेत. शेवटच्या टप्प्यानंतर दोन्ही पुढचे पाय एकेकदा पुढे उचलून ताणा, तंगाखाली अडकलेली कातडीची वळी सुटते. कोपराच्या मागे केस गेलेले दिसले तर ती वळी रोज अडकतेय.

आता डाव्या बाजूची गोष्ट. कधीच घोड्यावर न बसलेला माणूस डाव्या रिकिबीवर लटकत चढतो, तेव्हा खोगीर डावीकडे फिरतं आणि सांगाड्याची उजवी कड उंचवट्याला ढकलते. दिवसातून आठ-दहा वेळा. चढायला ओटा किंवा मोठा दगड वापरा, तो नसेल तर दुसऱ्याने उजवी रिकीब खाली दाबून धरा. डावा रिकीबपट्टा वापराने लांबतो, म्हणून दोन्ही पट्टे आठवड्याला अदलाबदल करा आणि भोकं न मोजता खोगिरापासून टेपने लांबी मोजा.

वजनाचा हिशेब टाळता येत नाही. तंगाच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर सुमारे २६५ किलो. सामानासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावं असा जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे, तो इथे ५३ किलोवर थांबतो. त्यातून खोगिराचे सात-आठ किलो वजा करा. धंद्याच्या दृष्टीने हे अवघड आहे हे मान्य, पण ८५ किलोचा पर्यटक घेऊन उतारावरची फेरी मारलेल्या या घोड्याची पाठ कुठल्याही हाताने टिकून मोकळी राहणार नाही. निदान भारी माणूस भारी घोड्यावर आणि पाठ नाजूक असलेल्याला मुलांच्या फेऱ्या, एवढी वाटणी स्टँडवर करता येते.

नाल आणि खूर

नालबंदी पाच-सहा आठवड्यांनी. झिजली नाही म्हणून नाल तीन महिने ठेवली, तर नालेखाली खूर वाढतच राहतो. पुढचं टोक लांबतं, टाच खाली बसते आणि मागच्या पायांवर-कमरेवर ताण येतो. उतरवलेल्या नाला फेकू नका. पाय आणि तारीख लिहून खिळ्यावर अडकवा. चार नाला शेजारी ठेवून पाहिल्या की एक कुठली तरी एका अंगाने जास्त झिजलेली दिसते, आणि बरेचदा पाठ धरते ती त्याच बाजूची. पेव्हर ब्लॉकवर गुळगुळीत झालेली नाल घसरते. घसरू नये म्हणून घोडा पुठ्ठे आवळून, आखूड पावलांनी चालतो. अशा घोड्याच्या पुठ्ठ्यांवर तासभर काम करण्याऐवजी नालबंदाशी दहा मिनिटं बोलणं फायद्याचं.

तोंड, जठर, दावण

कानामागची जागा पुन्हा पुन्हा धरत असेल तर तोंड उघडून पाहायला सांगा. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, म्हणून वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्यांना जिभेच्या बाजूने धारदार कडा येतात. वर्षातून एकदा पशुवैद्यकाकडून त्या घासून घ्याव्यात. घास अर्धवट चावून बाहेर टाकणं आणि लिदीत अख्खे दाणे ही खूण. काटे असलेला लगाम वापरात असेल तर तो आजच काढा. ओझ्याच्या जनावरांबाबतच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार तो बेकायदा आहेच, आणि तो तोंडात असेपर्यंत मान मोकळी होणार नाही.

तंगाला चावणाऱ्या घोड्याचं जठर विसरू नका. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, खात नसला तरी. सकाळी चंदी आणि मग दुपारपर्यंत स्टँडवर उपाशी उभा, हे अल्सरला आमंत्रण. चार तासांहून जास्त वेळ गवताशिवाय जाऊ देऊ नका, आणि कामाला काढण्याआधी अर्धा तास किलोभर वाळलेलं गवत द्या; चालताना आम्ल जठराच्या वरच्या भागावर उसळत नाही. दिवसाचा वाळला चारा वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे २६५ किलोच्या घोड्याला चार किलो, पाच दिला तर उत्तम. हरभरा वाढवून चाऱ्याची भरपाई होत नाही.

गवत जमिनीवर घाला. मान खाली गेली की पाठ वर उचलली जाते, हा दिवसभर फुकट मिळणारा व्यायाम आहे. आखूड दोराने उंच कडीला बांधलेला घोडा तो करू शकत नाही. रोज थोडा वेळ लोळायला मऊ जागा मिळाली तर आणखी चांगलं.

बदल कुठल्या क्रमाने करायचे

सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आधी घड्याळ ज्या कारणाकडे बोट दाखवतं तो एकच बदल, सोबत त्याच दिवशी हलक्या हाताचं काम, नंतर दहा मिनिटं मोकळं चालवणं, आणि तो दिवस व पुढचा दिवस सुट्टी किंवा फक्त हलकी फेरी. दर दोन दिवसांनी पाठ चाचपून चित्रावर खूण. परत धरायला पूर्वी चार दिवस लागत होते आणि आता दहा लागले, तर दिशा बरोबर आहे. हाताचं काम दोन आठवड्यांनी पुन्हा करा. दोन आठवड्यांत काहीच बदल नसेल तर पुढच्या कारणाकडे.

टिकाऊ फरकासाठी गाजराचे ताण जोडा. गाजर दाखवून घोड्याचं नाक छातीकडे, मग पुढच्या गुडघ्यांच्या मध्ये, मग एकेका बाजूला बरगडीकडे न्यायचं. प्रत्येक जागी पाच सेकंद, पाच वेळा, आठवड्यातून पाच दिवस. अशा व्यायामाने मणक्यांना चिकटून असलेले खोल स्नायू वाढतात, पण त्याला तीन महिने लागतात. घास हिसकावून घेणारा घोडा ताण घेत नसतो, झटका घेत असतो. गाजर हळू न्या.

हे सगळं करूनही सहा-आठ आठवड्यांत पाठ त्याच जागी धरत राहिली, मणक्याच्या अगदी वर हात लावू देत नसेल, किंवा मागचा पाय ओढत असेल, तर मणक्यांची वरची टोकं एकमेकांना घासणं किंवा कमरेच्या सांध्याचं दुखणं शोधावं लागतं. खोगिराखालच्या टोकांचा एक्स-रे सुवाह्य (हातात नेता येणाऱ्या) यंत्राने घेता येतो, कमरेसाठी जास्त ताकदीचं यंत्र लागतं, म्हणून मोठ्या जनावरांची सोय असलेलं ठिकाण गाठावं लागतं, उदाहरणार्थ परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. आधी फोन करून यंत्र आणि वेळ विचारून घ्या. जाताना चित्रांच्या झेरॉक्स, व्हिडिओ, घामाच्या ठशांचे फोटो, उतरवलेल्या नाला आणि रोजचं खोगीर बरोबर न्या. तिथे इंजेक्शन दिलं गेलं तर किती दिवस पाठीला हात लावायचा नाही ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या.